सगळ्यात जोरात मारणाऱ्याला टर्न किती मिळतात?



रविवारच्या व्हिडिओत मी दोन मिनिटं पोकेमॉनबद्दल बोललो आणि पुढे निघून गेलो. विषय अर्धवट राहिला हे मलाच एडिटिंगला बसल्यावर जाणवलं. म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी लहानपणी टीव्हीवर हिंदीतून पिकाचू बघितलाय त्यांना काही नावं ओळखीची वाटतील. बाकीच्यांनी घाबरू नका, दिवाळीपर्यंत मीही तुमच्यातलाच होतो.

झालं असं की दिवाळीत भाचा चार दिवस आमच्याकडे होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फराळाचं ताट मांडीवर आणि लॅपटॉप समोर, असा दिवसभर बसलेला. ‘पोकेमॉन शोडाऊन’ नावाची वेबसाइट आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडते. जगातल्या कुणाशीही लढाई लावता येते. मी आधी नेहमीचं मामागिरीचं भाषण दिलं, अभ्यास वगैरे. तो म्हणाला, “मामा, तू एक टीम बनव आणि एक लढाई जिंकून दाखव, मग मी लॅपटॉप बंद करतो.”

मी म्हटलं, बावीस वर्षं लोकांना टीम बांधायला शिकवतोय, यात काय आहे!

खेळाचा नियम दोन ओळींत सांगतो. दोघांकडे सहा-सहा पोकेमॉन. मैदानात एकाचा एक. दर टर्नला दोघांनीही गुपचूप ठरवायचं, वार करायचा की खेळाडू बदलायचा. मग ज्याचा वेग जास्त त्याचा वार आधी. एचपी संपली की तो पोकेमॉन बाद. समोरच्याचे सहाही बाद झाले की तुम्ही जिंकलात.

मी काय केलं असेल सांगा? यादी काढली, ‘अ‍ॅटॅक’चा रकाना बघितला आणि वरून माणसं उचलली. रॅम्पार्डॉस नावाचा डायनासोरसारखा एक गडी आहे, कवटीने टक्कर मारतो. त्याचा बेस अ‍ॅटॅक १६५. ग्राउडन नावाचा मोठा दिग्गज पोकेमॉन आहे, त्याचा १५०. म्हणजे माझा गडी दिग्गजापेक्षा वरचढ! लगेच घेतला. दुसरा स्लेकिंग, अ‍ॅटॅक १६०, एचपी १५०. असेच आणखी चार. वर प्रत्येकाच्या हातात ताकद वाढवणारी वस्तू दिली.

भाच्याने टीम बघितली आणि हसत सुटला. “मामा, तू सहाही नवरदेवच घेतलेस. वऱ्हाड कुठंय?”

अकरा लढाया सलग हरलो. खोटं सांगत नाही, अकरा.

आता बघा माझा १६५ वाला कसा मेला. रॅम्पार्डॉसचा बेस वेग ५८. समोर आला गारचॉम्प. त्याचा अ‍ॅटॅक १३०, माझ्यापेक्षा कमी, पण वेग १०२. वार आधी त्याचा. रॅम्पार्डॉस खडक प्रकारचा, आणि खडकाला पाणी, गवत, फायटिंग, जमीन, पोलाद अशा पाच प्रकारांचे वार दुप्पट लागतात. गारचॉम्पने जमीन हादरवली. रॅम्पार्डॉसचा बचाव फक्त ६०. खलास. त्याने अख्ख्या लढाईत एकही वार केला नाही. कागदावर १६५, मैदानात शून्य.

स्लेकिंगची गोष्ट तर आणखी मजेशीर. त्याच्या सगळ्या आकड्यांची बेरीज ६७०, ग्राउडनच्या बेरजेइतकीच. पण त्याच्यात ‘ट्रुअंट’ नावाचा स्वभावदोष आहे. एका टर्नला वार करतो, पुढच्या टर्नला डोकं खाजवत लोळत पडतो. एक दिवस काम, एक दिवस सुट्टी! समोरचा हुशार खेळाडू काय करतो? स्लेकिंगचा वार येणार त्या टर्नला ‘प्रोटेक्ट’ लावतो, म्हणजे वार वाया. पुढच्या टर्नला स्लेकिंग लोळत असतो तेव्हा निवांत आपलं काम उरकतो. तुम्हाला तुमच्या दुकानातला कुणी आठवला असेल तर हसू नका, मलाही आठवला.

मोजायचं काय?

अकराव्या पराभवानंतर मी भाच्याला विचारलं, “अरे, मग अ‍ॅटॅकचा आकडा काय कामाचा?” त्याने जे उत्तर दिलं ते ऐकून मी लॅपटॉप बंद करायला सांगायचं विसरलो.

तो म्हणाला, “मामा, ताकद मोजू नकोस. वार मोज. समोरचा किती वारांत पडतो तेवढंच बघ.”

समजा तुमचा वार समोरच्याची ५५ टक्के एचपी घेतो. किती वार लागतील? दोन. आता तुम्ही भरपूर खर्च करून आणखी ताकदवान गडी आणलात, तो ९० टक्के घेतो. किती वार? तरीही दोनच! ५५ पासून ९० पर्यंतची वाढवलेली सगळी ताकद तिथे वाया. पण त्याच लढाईत आधी कुणीतरी मैदानात ‘स्टेल्थ रॉक’ पसरून ठेवले, तर समोरच्याचा जो जो खेळाडू बदलून आत येतो त्याची साधारण १२.५ टक्के एचपी येता येताच जाते. ९० अधिक १२.५. आता एकाच वारात आडवा.

स्टेल्थ रॉक कोण पसरतं? तर बहुतेक वेळा टीममधला असा कुणीतरी, ज्याच्याकडे बघून कुणी टाळ्या वाजवत नाही. एक टर्न खर्च करतो, दगड पसरतो, बऱ्याचदा मारही खातो. स्कोअरमध्ये मात्र सगळे बळी नवरदेवाच्या नावावर.

दुसरी गोष्ट, तो आत येतो कसा? हळू पण जोरदार मारणारा गडी तुम्ही सरळ बदलून आत आणलात, तर आत येताना एक वार त्याच्या अंगावर बसतो. आधीच नाजूक, त्यात हा वार. म्हणून जाणकार लोक टीममध्ये एक मुद्दाम संथ आणि टणक खेळाडू ठेवतात आणि त्याला ‘यू-टर्न’सारखी चाल देतात. हा संथ असल्यामुळे समोरचा आधी वार करतो, हा तो वार अंगावर झेलतो, मग शेवटी एक टपली मारून मागे फिरतो आणि त्याच क्षणी मोठा गडी न खरचटता मैदानात उभा. इथे संथपणा हाच गुण झाला. मला तर हे कळायला तीन वेळा बघावं लागलं. आपण बायोडेटा बघताना ‘संथ’ म्हणून ज्याला नाकारतो, तो कधी कधी ह्याच कामासाठी हवा असतो.

आणि तिसरं, हातात दिलेली वस्तू. मी सगळ्यांना ‘चॉइस बँड’ बांधला होता. अ‍ॅटॅक दीडपट होतो, बाजारात दुसरं काय हवं? पण अट अशी की पहिली जी चाल वापरली त्याच चालीला तो गडी बांधला जातो. मैदानातून बाहेर काढेपर्यंत दुसरं काही करता येत नाही. एकदा जमीन हादरवायची चाल निवडली की समोर उडणारा पक्षी आला तरी हा बापडा जमीनच हादरवत बसतो. पक्ष्याला त्याचा परिणाम शून्य. दुसरी एक वस्तू आहे, ‘लाइफ ऑर्ब’. वार सुमारे ३० टक्के जड होतो आणि चाल बदलायची मोकळीकही राहते, पण दर वाराला स्वतःची १० टक्के एचपी जाते. टार्गेट देऊन माणूस पिळणं म्हणजे काय, याचं एवढं सरळ गणित मी कुठल्याच मॅनेजमेंटच्या पुस्तकात बघितलेलं नाही.

चॉइस बँड मीच बांधला होता

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. व्हिडिओत हे सांगायचं धाडस झालं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका कार्यशाळेत एक गृहस्थ आले होते. नाव-गाव सांगत नाही. शेतीपंपांचं दुकान, मागे मोटार रिवाइंडिंगचं काम. दुकानात ते स्वतः, काउंटरला एक मुलगा, आणि एक जुना मेकॅनिक, ज्याला सगळे काका म्हणायचे. धंदा ठीक चालला होता पण वाढत नव्हता. ब्रेकमध्ये चहा घेताना त्यांनी विचारलं, “सर, काय करू?” मी एका सेकंदात सांगितलं, “तुमच्याकडे मारणारा माणूस नाही. एक तगडा सेल्समन घ्या, पगार कमी ठेवा, विक्रीवर दणदणीत कमिशन द्या.”

त्यांनी घेतला. माणूस खरोखर तगडा होता. पहिल्या हंगामात पंप असे विकले की मालकांनी मला पेढे पाठवले. मी तो किस्सा पुढच्या चार कार्यशाळांत सांगितला. टाळ्याही घेतल्या.

कमिशन विक्रीवर होतं, म्हणून तो फक्त नवीन पंप विकायचा. शेतकऱ्याची जुनी मोटार दुरुस्त होण्यासारखी असली तरी नवीनच गळ्यात मारायचा. मोटार दुरुस्तीचा धंदा, ज्यावर दुकानाचं नाव उभं होतं, तो कमी झाला. त्याला दोष देऊ नका, मी त्याला ती एकच चाल बांधून दिली होती. विक्री उधारीवर व्हायची, कारण वसुली त्याचं काम नव्हतं. आणि काका? काका सकाळपासून रात्रीपर्यंत नवीन पंप बसवत गावोगाव फिरायचे. आधी ते बांधावर बसून मोटारीचा आवाज ऐकून दोष सांगायचे, आता फक्त बसवा आणि पुढे पळा. दुसऱ्या हंगामात काकांनी काम सोडलं. वर्षभरात सेल्समनही जास्त कमिशनवर दुसरीकडे गेला.

मालकांचा फोन आला तो अजून आठवतो. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, “सर, माणूस गेला, उधारी राहिली. आणि काका पण गेले.”

मी तेव्हा काय म्हणालो माहितीये? “माणूस निवडताना चूक झाली असेल.” आज लाज वाटते. माणूस बरोबर होता. १६५ अ‍ॅटॅकचाच होता. त्याच्या आजूबाजूचे कसे लढणार हा प्रश्नच मी विचारला नव्हता, आणि त्याला कुठली चाल बांधतोय हेही बघितलं नव्हतं.

मग जोरात मारणारा नकोच का?

हा प्रश्न मला रविवारपासून बऱ्याच जणांनी विचारला. नाही हो! उलट टोकाला जाऊ नका. मी तेही करून बघितलं.

बाराव्या लढाईपासून मी सगळे बचाव करणारे घेतले. ब्लिसी नावाची गुलाबी, अंडं घेऊन फिरणारी एक आहे. एचपी २५५, अ‍ॅटॅक फक्त १०. तिला पाडता पाडता समोरच्याच्या नाकी नऊ येतात. पण ती कुणाला मारणार? समोरच्याला कळलं की इथून वार येत नाही, तर तो निवांत ‘स्वोर्ड्स डान्स’ करतो. एकदा केला की अ‍ॅटॅक दुप्पट. पुन्हा केला की तिप्पट. मग तुमची भिंत कितीही जाड असू द्या. विष देऊन, थकवून, तासभर खेळून जिंकणारे लोक आहेत, त्याला ‘स्टॉल’ म्हणतात, आणि ते चांगलं अवघड कौशल्य आहे. पण त्यातही विष देणारा कुणीतरी लागतोच. माझ्या टीममध्ये तोही नव्हता. मी तीन लढाया हरलो, फक्त आता हळूहळू हरलो. ‘आपण सांभाळून चालतो’ म्हणणारी दुकानं मी बघितली आहेत. सांभाळता सांभाळता शेजारच्याने दोनदा स्वोर्ड्स डान्स केलेला असतो.

इथे माझ्या व्यवसायबंधूंवर थोडी टीका करतो, राग मानू नका. पाचिरिसू नावाच्या खारीची गोष्ट प्रेरणादायी भाषणांत हमखास येते. २०१४ साली वॉशिंग्टनला जागतिक स्पर्धा झाली. दक्षिण कोरियाचा से जुन पार्क पाचिरिसू घेऊन खेळला आणि मोठ्या गटाचा विश्वविजेता झाला. पाचिरिसूचा अ‍ॅटॅक फक्त ४५. वक्ते सांगतात, ‘बघा, दुबळाही जिंकतो, मनात जिद्द पाहिजे!’

अर्धंच खरं आहे. ही स्पर्धा डबल्सची असते. सहाची टीम दाखवायची, त्यातले चार खेळवायचे, मैदानात एका वेळी दोन. पाचिरिसूकडे ‘फॉलो मी’ नावाची चाल होती. ती वापरली की शेजारच्यावर नेम धरलेला वार पाचिरिसूकडे वळतो. वर त्याच्या अंगात असा गुण की विजेचा वार बसला तर त्याला इजा होण्याऐवजी एचपी वाढते. आणि त्याच टीममध्ये कोण होते? गायराडॉस, ज्याला विजेची सगळ्यात जास्त भीती. गारचॉम्प, ज्याने माझा रॅम्पार्डॉस उडवला तो. म्हणजे मारणारे होतेच. पाचिरिसूने त्यांच्यासाठी टर्न कमावून दिले. जिद्दीचा भाग असेलही, पण त्या खारीची निवड शंभर टक्के हिशोबाची होती. हा फरक लपवून टाळ्या घेणं मला आता पटत नाही. मीही घेतल्यात, म्हणून बोलतोय.

टॉर्कोलचे तीन वार

शेवटच्या दिवशी भाच्याने मला डबल्सची एक टीम बांधून दिली. म्हणाला, “मामा, आज तुझा मारणारा हा.” आणि समोर ठेवलं एक कासव. टॉर्कोल. पाठीतून धूर निघतो. स्पेशल अ‍ॅटॅक ८५. वेग २०! मी म्हटलं, “अरे, हा दुकान उघडायलाच अकरा वाजवेल.”

“बघ तर,” म्हणाला.

टॉर्कोलकडे ‘इरप्शन’ नावाची चाल आहे. पूर्ण एचपी असताना तिची ताकद १५०, आणि समोरच्या दोघांनाही लागते. दोघांवर मारल्यामुळे ती पाऊणपट होते, पण आग प्रकारच्याने आगीचा वार केला म्हणून दीडपट, आणि टॉर्कोल आला की ऊन पडतं, उन्हात आग आणखी दीडपट. गुणाकार करून बघा, दोनशे त्रेपन्नच्या आसपास जातो, दोघांवर एकदम. आता अडचण अशी की एचपी निम्मी झाली तर इरप्शनही निम्मं, १५० चं ७५. म्हणजे या माणसाला एक ओरखडासुद्धा पडता कामा नये. आणि तो तर मैदानातला सगळ्यात संथ.

म्हणून सुरुवातीला दोघी उतरवल्या, इंडीडी आणि हॅटरीन. इंडीडी उतरताच जमीन अशी होते की समोरच्याच्या घाईच्या, रांग मोडून आधी लागणाऱ्या चाली जमिनीवर उभ्या असलेल्यांवर चालतच नाहीत. समोरून व्हिमसिकॉट आणि किंगॅम्बिट आले. पहिल्या टर्नला इंडीडीने ‘फॉलो मी’ केलं. व्हिमसिकॉटने ‘टेलविंड’ लावून आपल्या बाजूचा वेग दुप्पट केला. किंगॅम्बिटने हॅटरीनवर तोललेला वार इंडीडीने घेतला आणि ती पडली. मला वाईट वाटलं. भाचा म्हणाला, “थांब, आता बघ.” टर्नच्या शेवटी हॅटरीनची चाल लागली, ‘ट्रिक रूम’. ही लागली की मैदानातला क्रमच उलटा होतो, जो सगळ्यात संथ त्याचा वार आधी. समोरच्याने नुकताच वेग दुप्पट केला होता!

इंडीडी पडल्याच्या जागेवर टॉर्कोल आला. एकही ओरखडा नाही. ऊन पडलं. वेग २०, म्हणजे आता रांगेत पहिला. इरप्शन. किंगॅम्बिट पोलादाचा, आगीत दुप्पट लागलं, जागेवर गेला. व्हिमसिकॉट गवताचा, तोही गेलाच असता, पण त्याच्याकडे ‘फोकस सॅश’ होता, एक एचपीवर उभा राहिला. पुढचा नंबर हॅटरीनचा, तिने तो संपवला.

ट्रिक रूमचे टर्न मोजून असतात. लावलेला धरून पाच, म्हणजे हातात चार. भाचा शेजारून बोटं मोजत होता. समोरच्याने शहाणपणा केला, पुढचे दोघे आले आणि प्रोटेक्ट लावून वेळ काढू लागले. माझं एक इरप्शन असंच फुकट गेलं. तिसरं बसलं. त्यानंतर टॉर्कोलला जोरात मार लागला आणि तो निकामी झाला. ट्रिक रूम संपली, वेगाचा क्रम परत सुलट झाला. हॅटरीन आणि शेवटचा शिल्लक गडी, दोघांनी मिळून कसंबसं उरकलं.

जिंकलो! घरात ओरडलो मी. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, काय झालं बघायला.

पूर्ण लढाईत टॉर्कोलने तीन वार केले, त्यातला एक वाया. म्हणजे कामाचे दोन. त्या दोन वारांसाठी इंडीडीने जीव दिला, हॅटरीनने एक टर्न दिला, आणि मैदानाचा अख्खा क्रम उलटा करावा लागला. रॅम्पार्डॉसचा आकडा याच्या जवळपास दुप्पट होता आणि त्याचे कामाचे वार होते शून्य.

स्लेकिंगलासुद्धा असाच इलाज आहे, हे नंतर कळलं. शेजारी विझिंग उभा केला तर त्याच्या गॅसने मैदानातल्या सगळ्यांचे गुण-दोष दबतात. स्लेकिंग लोळायचं विसरतो आणि रोज कामावर येतो. फक्त विझिंग पडला की परत येरे माझ्या मागल्या. शिवाय तो गॅस तुमच्या बाकीच्या माणसांचे चांगले गुणही दाबतो. एका माणसाच्या तोऱ्यासाठी सगळ्या ऑफिसचे नियम बदलणारे मालक मी बघितले आहेत, तिथे काय होतं ते वेगळं सांगत नाही.

दिवाळी संपल्यावर मी त्या पंपवाल्या गृहस्थांना फोन केला. इतक्या वर्षांनी. आधी माफी मागितली. ते म्हणाले, “जाऊ द्या सर, झालं ते झालं.” तसं गेलेलं नसतं, हे दोघांनाही माहिती होतं. जुन्या उधारीतली बरीच रक्कम अजून आलेली नाही, आणि आता येईल असं त्यांनाही वाटत नाही. काका परत आले नाहीत. त्यांचं तालुक्याला स्वतःचं छोटं रिवाइंडिंग आहे, बरं चाललंय म्हणे.

मालक पुन्हा एक सेल्समन घ्यायचा विचार करतायत. या वेळी त्यांनीच मला सांगितलं की आधी नवा मेकॅनिक मुलगा वर्षभर गावांत फिरू देणार, मोटारी बघू देणार, कुणाची किती वर्षं जुनी आहे ते वहीत लिहू देणार. सेल्समन जाणार तो फक्त त्या वहीतल्या बांधांवर. कमिशन बिल फाटल्यावर नाही, पैसे हातात आल्यावर. आणि त्यातला हिस्सा मेकॅनिकलाही. मी विचारलं, “हे कुणी सुचवलं?” म्हणाले, “कुणी नाही. पोळलो ना!”

हिस्सा किती द्यायचा यावर मात्र आमचं जमलं नाही. ते दहातले दोन म्हणतायत, मी तीन म्हणतोय. वसुली चार महिने लांबली तर सेल्समनला तोपर्यंत काय, हाही प्रश्न आहेच. त्याचा तक्ता मी बनवतोय. येत्या रविवारच्या व्हिडिओत पडद्यावर मांडतो, तुमच्या दुकानाचे आकडे घालून बघता येतील असा. वही-पेन घेऊन बसा. आणि हो, भाच्याने लॅपटॉप बंद केला नाही, मीच उघडून बसलो होतो.